यात सुई नाही

बांधकामाच्या गेटवर नव्या माणसांपुढे बोलायला उभी राहिले की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. यात सुई नाही. इंजिनिअर लोक एकमेकांकडे बघतात, एखादा नवा गडी हसतोसुद्धा. मी हसू देते. मग हेल्मेट, कमरेचा पट्टा, विजेची वायर, खड्डा, सगळं एकामागून एक येतं, पण सुरुवात सुईपासून. का, ते कुणी विचारलं तरच सांगते आणि सहसा कुणी विचारत नाही.

आमचं घर केज तालुक्यातलं, ऊसतोडीला जाणारं. मी बारावी झालेली, म्हणून माहेरी माझं कौतुक होतं. लग्न झालं, बारावीचा कागद पत्र्याच्या पेटीत गेला आणि हातात कोयता आला. आमच्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि एकटं कुणी आलं तर तो अर्धा कोयता. लग्नाआधी मी स्वतःला अख्खं माणूस समजत होते, त्यामुळे ही मोजणी मला पहिल्या दिवसापासून डाचायची. मी ते बोलूनही दाखवायचे. मालक, म्हणजे माझा नवरा, आपले इकडेतिकडे बघत म्हणायचे, "हळू बोल, मुकादम ऐकंल."

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. विहिरी उन्हाळ्याआधीच तळाला गेल्या, उभा ऊस तोडून छावणीतल्या जनावरांपुढे टाकला गेला आणि पश्चिमेकडच्या कारखान्यांनीही तोडीला फार माणसं लागणार नाहीत असा निरोप धाडला. आता खायचं काय, हा प्रश्न घराघरात होता. तेवढ्यात मुकादमाने काम आणलं. तालुक्यातल्याच एका माळावर सहकारी सूतगिरणी बांधली जात होती. गावोगावच्या लोकांनी तिचे शेअर घेऊन ठेवले होते, माझे सासरेही सभासद होते. कित्येक वर्षं त्या माळावर नुसती पाटी होती. दुष्काळ पडला आणि कशी कोण जाणे, गिरणी उभी राहायला लागली. कापूस कुठून येणार, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. आम्हाला तरी काय, हाताला काम मिळत होतं आणि घर सोडून फार लांब जायचं नव्हतं.

आमच्या घरातून दोन कोयते निघाले. एक मी आणि मालक, दुसरा थोरले दीर आणि जाऊबाई. जाऊबाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं. दवाखाने झाले, देव झाले, अंगारे-धुपारे झाले, लोकांनी विचारणंही बंद केलं. आणि त्या दुष्काळात, खायला कमी आणि प्यायला टँकरचं पाणी अशा दिवसांत, त्यांना दिवस गेले. घरात फक्त मला माहीत होतं. चार महिने सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला शपथेवर बजावलं होतं. रात्रंदिवस एक हात पदराखाली पोटावर असायचा. मला त्यांचं हसू यायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा.

साइटच्या गेटवर पोचलो तर आत सोडेनात. सेफ्टीवाला साहेब पुढे आला. बाहेरच्या मुलखातला, हिंदी बोलणारा, उन्हाने रापलेला माणूस. मुकादमाने त्याचं बोलणं आमच्यापर्यंत पोचवलं, "नव्या माणसानं आदी इंडक्शन घ्यायचं. इंडक्शन घेतल्याबिगर आत पाऊल टाकायचं न्हाई."

आम्ही सगळ्यांनी ऐकलं ते इंजेक्शन.

माझंसुद्धा सांगते. बारावीत इंग्रजी होतं, पण हा शब्द माझ्या कानावर कधी आला नव्हता. आणि बोलायची रीतही तीच. इंडक्शन घेतलं का, इंडक्शन कोण देतंय, तुमचं झालं का. गेटच्या बाजूच्याच खोलीच्या दारावर दवाखान्यासारखी लाल फुली काढलेली, आत टेबलावर पांढरी पेटी. आणखी काय पाहिजे? बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. ही भीती उगाच नव्हती. उसाच्या फडावर जाणाऱ्या आमच्याकडच्या कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या होत्या. आधी पोट दुखतंय म्हणून एक सुई, मग दुसरी, मग पिशवी खराब झाली म्हणून ऑपरेशन. पिशवी गेली की पाळी गेली आणि पाळी गेली की कामाचा खाडा गेला, सगळ्यांची सोय. सुई म्हटलं की आमच्या बायकांना पुढचं सगळं आठवायचं.

जाऊबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला आमच्या सामानाच्या गाडीमागे ओढलं. "मी न्हाई घ्यायची. माज्या पोटातलं ऱ्हायचं न्हाई."

इंडक्शन द्यायची पत्र्याची शेड छोटी, आत मावणार किती? मुकादमाने तोड काढली, कोयत्यामागं एक जण आत जाईल, त्याचं झालं की दोघांचं झालं. पुरुष राहायच्या कोप्या उभ्या करायला थांबले, बायकांनी जावं असं ठरलं. म्हणजे आमच्या घरातून मी आणि जाऊबाई.

"तू माज्या बी वाटणीचं घे," जाऊबाई म्हणाल्या. "तुला काय हुतंय? दोन्ही दंडात घे."

मी हो म्हटलं. दोन सुया टोचून घ्यायच्या तयारीने मी त्या शेडमध्ये गेले. एकाची दोन नावं कशी सांगायची, याचा विचार करत मागच्या बाकावर बसले.

सुई आलीच नाही. साहेब बोलायला लागला. बाहेर मिक्सरचा खडखडाट, वर तापलेला पत्रा, आणि तो घसा फोडून बोलत होता. हिंदी आम्हाला परकी नाही. आमच्याकडचे म्हातारे निजामाच्या काळापासूनची हिंदी अजून बोलतात, बाजारात निम्मा व्यवहार तिच्यातच होतो. त्यामुळे वाक्यं कळत होती. टोपी काढू नका, वायरीला हात लावू नका, वरून हाक आली तर बाजूला व्हा. आणि मग तो जे सगळ्यात जोर देऊन बोलला ते हे: "ओपनिंग के पास कोई नहीं जाएगा. ओपनिंग पर कवर रहेगा. कवर को हाथ नहीं लगाना, हटाना नहीं. समझ गए?"

समझ गए, आम्ही म्हणालो. कारण खरंच समजलं होतं. गिरणीच्या पुढच्या अंगाला चौथरा बांधलेला होता, त्यावर कोनशिला बसवलेली आणि कोनशिलेवर लाल पडदा. मोठे पाहुणे येणार, चेअरमनसाहेब नारळ फोडणार, पडदा सरकवणार, अशी चर्चा आम्ही गेटवरच ऐकली होती. दुकानाचं असो की दूध संघाचं, आमच्याकडे उद्घाटनाला ओपनिंगच म्हणतात. ओपनिंगपाशी जाऊ नका, कवरला हात लावू नका. यात न समजण्यासारखं काय होतं?

साहेबाने हेल्मेटवर लावायच्या हिरव्या चिकटपट्ट्या दिल्या. ज्याच्या टोपीवर पट्टी, त्याचं इंडक्शन झालं. मी दोन्ही कोयत्यांच्या घेतल्या, कुणी हटकलं नाही. बाहेर येऊन जाऊबाईंना म्हटलं, "सुई न्हवतीच. नुसतं बोलणं हुतं." त्यांचा विश्वास बसेना. मी त्यांची समजूत काढतेय असंच त्यांना वाटलं. दोन्ही दंड दाखवले तेव्हा कुठे त्या हसल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, टोपीचं, वायरीचं, आणि शेवटी, "त्या पडद्यापाशी तेवढं जायचं न्हाई. ओपनिंगचं हाय म्हणं."

आम्ही ते इमानाने पाळलं. पाण्याची घागर घेऊन बायका त्या चौथऱ्याला लांबून वळसा घालायच्या. एकदा वाऱ्याने पडदा उडून खाली पडला, तर तो उचलायची कुणाची छाती झाली नाही. मुकादमाला बोलावून आणलं.

सूतगिरणीच्या हॉलमध्ये हवा खेळवायला फरशीखालून भुयारं काढावी लागतात आणि फरशीत जागोजागी त्यांची तोंडं ठेवतात. पुढे त्यांच्यावर जाळ्या बसतात. तोवर त्या तोंडांवर प्लायवूडच्या फळ्या टाकलेल्या होत्या. आम्ही टोपल्या घेऊन त्या फळ्यांवरून दिवसभर ये-जा करत होतो. पायाखाली थोडं दबल्यासारखं व्हायचं, एवढंच. खाली काय आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी होती. हॉलचे खांब उभे राहिले होते, वर छप्पर नव्हतं. उन्हाने जीव नको झालेला. जाऊबाईंना सकाळपासून मळमळत होतं, भाकरीचा तुकडाही गेला नव्हता. मी खांबाच्या बोटभर सावलीत बसून त्यांना हाक मारली. त्या म्हणाल्या, "थांब, आडोसा करू." त्यांनी वाकून जवळची एक फळी उचलली, दोन्ही हातांनी छातीपुढे उभी धरली आणि माझ्या दिशेने एक पाऊल टाकलं.

फळी एक क्षण तशीच उभी राहिली. मग ती आडवी झाली आणि होती तिथेच पुन्हा जाऊन बसली. मी बघत होते आणि तरी मला काही कळलं नाही. फरशी जशीच्या तशी, सगळं झाकलेलं, फक्त जाऊबाई नव्हत्या.

मग मी ओरडले. मालक आले, थोरले दीर आले, फळी बाजूला झाली. आत उभ्या पुरुषाचा हातही वर पुरणार नाही एवढं खोल, तळाशी सिमेंटवर मारायच्या पाण्याचं डबकं. गावात पाणी नव्हतं आणि तिथे होतं. जाऊबाई त्यात कुशीवर पडलेल्या, एक हात पोटावर. थोरल्या दिरांनी वरूनच आत उडी टाकली.

साहेब धावत आला. जाऊबाईंना वर काढलं तेव्हा त्याने त्यांच्या टोपीवरची हिरवी पट्टी बघितली आणि त्याचा आवाज चढला. "इसका इंडक्शन हुआ है! मैंने बोला था ना, ओपनिंग का कवर नहीं हटाना!"

माझ्या अंगाची आग झाली. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "कुठं हाय ओपनिंग?" मी विचारलं. "ओपनिंग तिकडं हाय. आमी गेलो का तिकडं? लावला का कुणी हात?" आणि मी बोट दाखवलं.

तो माझ्या बोटाच्या रोखाने बघत राहिला. चौथऱ्यावर लाल पडदा हलत होता. त्या माणसाला कळत गेलं, ते मी समोर बघत होते. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि खाली बसला.

जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. जाऊबाई शुद्धीवर होत्या. नर्स सुई घेऊन आली तशी त्यांनी माझं मनगट पकडलं. "पोटात हाय म्हणून सांग तिला." मी सांगितलं. नर्सने नजर दुसरीकडे वळवली. ज्या सुईला जाऊबाई घाबरल्या होत्या ती त्या दिवशी त्यांना किती वेळा टोचली, ते मी मोजलं नाही. मूल गेलं. पायाचं हाड जुळलं, पण तो पाय पुन्हा सरळ पडला नाही. त्यानंतर त्यांना दिवस गेले नाहीत.

लोकांना वाटतं की हे सांगताना मी रडावं, माझं चुकलं म्हणावं. मी म्हणत नाही. मला दुःख होतं आणि आजही होतं, पण त्याच्या शेजारी राग बसलेला आहे. साहेबा, सगळी वाक्यं हिंदीत बोललास, मग ओपनिंग हा तेवढा एक शब्द हिंदीत बोलायला काय झालं होतं? गड्ढा म्हणाला असतास तर बाजारात भाजी विकणारी म्हातारीही समजली असती.

जाऊबाईंनी मला कधी दोष दिला नाही. त्या बाजेवर पडून असायच्या, आढ्याकडे बघत. एके दिवशी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी त्यो काय काय म्हणलता, सगळं सांग."

मी आठवेल तसं सांगत गेले. टोपी, वायर, वरून हाक.

"खड्डा म्हणलता का?"

"न्हाई."

"गड्डा?"

"न्हाई, जाऊबाई."

"खड्डा म्हणला असता तर तू मला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी तेल लावत राहिले.

काही दिवसांनी तो साहेब घरी आला. हातात फळांची पिशवी, ओसरीवर टेकायलाही तयार नव्हता. थोरले दीर उठून आत निघून गेले. तो मला म्हणाला, नवीन माणसं येणार आहेत, त्यांना काय सांगू ते तुम्ही सांगा. मी म्हटलं, खड्ड्याला खड्डा म्हणा. तो म्हणाला, तुम्हीच येऊन म्हणाल का? मला हो म्हणवेना. त्या माणसाच्या कामाला हातभार लावायचा, या विचारानेच माझं डोकं तापलं होतं. तेवढ्यात बाजेवरून जाऊबाईंचा आवाज आला.

"जा तू. आन् आदी सुईचं सांग. कावून की सुईच्या भ्यानं बाया आतच येत न्हाईत, मग खड्ड्याचं ऐकणार कोण?"

मी गेले. हॉलमधल्या एका तोंडावरची फळी साहेबाकडून काढवली, माणसांना काठाशी उभं करून आत वाकून बघायला लावलं, आणि सांगितलं की याला खड्डा म्हणतात. कोयत्यामागे एक नाही, सगळी माणसं आत घेतली. मुकादम कुरकुरला, वेळ जातो म्हणाला. मी ऐकलं नाही.

गिरणी पुढे पुरी झालीच नाही. पडद्याचा रंग उडाला, मग पडदाही गेला. पण साहेबाने दुसऱ्या साइटवर माझं नाव सांगितलं, तिथून तिसऱ्या. ऊसतोड सुटली. आज मी गावोगावच्या बांधकामांवर नव्या माणसांपुढे बोलते. याला इंडक्शन म्हणतात, हे मला चांगलं माहीत आहे. तो शब्द मी तोंडातून काढत नाही. चला, सांगायचंय, एवढंच म्हणते.

गेल्या दुष्काळात धर्मापुरीकडे एका गोदामाचं काम निघालं होतं. तेही सहकारी सोसायटीचंच. जाऊबाई माझ्याबरोबर येतात, आता त्यांना घरात करमत नाही. गेटपाशी बसून बायकांची लेकरं सांभाळतात आणि मी बोलत असले की पाय पसरून ऐकतात. इतक्या वेळा ऐकूनही त्या उठून जात नाहीत.

त्या सकाळी तोडीची टोळीच आली होती. ऊस नव्हता, म्हणून बांधकामावर. मी माणसं बसवत होते. पुढच्या ओळीत एक पोरसवदा बाई बसली होती. तिने पोलक्याची बाही खांद्यापर्यंत वर सारलेली, दंड उघडा, डोळे गच्च मिटलेले. ती घाबरून मागे लपली नव्हती. काम पाहिजे होतं, म्हणून सोसायला तयार होऊन बसली होती. तिचा दुसरा हात पदराखाली होता.

मी बोलायला तोंड उघडलं, तोवर जाऊबाई उठल्या. काठी टेकत, तो पाय ओढत तिच्यापाशी गेल्या. वाकल्या आणि तिची बाही हळूच खाली केली. पोरीने डोळे उघडले.

"सुई न्हाई गं," जाऊबाई म्हणाल्या. "नुसतं ऐकायचं हाय."

"मग पोटातल्याला काय हुत न्हाई?"

"ऐकल्यावर न्हाई हुत," जाऊबाई म्हणाल्या, आणि तिच्याच शेजारी जमिनीवर बसल्या.

त्या दिवशी माझं पहिलं वाक्य मला म्हणावं लागलं नाही. मी थेट खड्ड्यापासून सुरुवात केली.